नवस आणि संकल्प

(मंदिराच्या सभामंडपात कार्तिक मासी झालेले निरूपण. सभासदांच्या इच्छेवरून लिहून काढले आहे.)

या आसनावर बसण्याचा अधिकार माझ्या तीर्थरूपांचा. त्यांचा घसा बसल्यामुळे आजची सेवा माझ्याकडे आली. माझे शालेय शिक्षण बारावीपर्यंतचे. त्यापुढे जे शिकलो ते घरी, पूजेच्या पाटाशेजारी बसून. तेव्हा बोलण्यात न्यून राहील ते माझे, आणि काही ग्राह्य वाटेल ते वडिलांच्या मुखातून आलेले, असे समजावे ही विनंती.

आजचा विषय ऐकून कित्येकांना नवल वाटेल. पुराणातील आख्यान सोडून हा मुलगा परीक्षेविषयी काय सांगणार, असे मनात येईल. परंतु सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या मंदिरात पूर्वी नवस बोलले जात ते लग्नाचे, अपत्याचे, दुखण्याखुपण्याचे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या पंक्तीला एक नवा नवस येऊन बसला आहे, तो कॅटच्या परीक्षेचा. आपल्या इंदूरला राऊजवळच्या टेकडीवर जी आय.आय.एम. आहे, सन १९९६ मध्ये स्थापन झालेली, तिच्यात आणि तिच्यासारख्या इतर संस्थांत व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण घ्यावयाचे तर प्रथम ही परीक्षा द्यावी लागते. भंवरकुआँच्या रस्त्याने सायंकाळी गेले असता पाठीला दप्तर लावलेली जी शेकडो मुले क्लासमधून बाहेर पडताना दिसतात, त्यांतली काही याच परीक्षेची असतात. आणि त्यांतली काही आपल्या सभासदांच्या घरची आहेत.

गेल्या वर्षी याच मासात, संकष्टी चतुर्थीला, घडलेली गोष्ट सांगतो. सकाळी एक काकू आल्या. मुलगा अभियंता, चांगली नोकरी सोडून वर्षभर घरी बसून तयारी करीत होता. काकूंनी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने व अभिषेक सांगितला आणि म्हणाल्या, "गुरुजी, संकल्पातच सांगून टाका, नव्याण्णवच्या वर हवेत." तीर्थरूपांनी अभिषेक केला. त्याच सायंकाळी, चंद्रोदयाच्या आधी, दुसऱ्या एक काकू आल्या. त्यांची मुलगी वाणिज्य शाखेची. तीच एकवीस आवर्तने, तोच अभिषेक आणि तेच शब्द, नव्याण्णवच्या वर. दोन्ही घरे आपलीच, दोघी एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जाणाऱ्या. रात्री ताम्हन, पळी, पंचपात्री घासून ठेवताना तीर्थरूप मला म्हणाले, "आज आपण देवाला मोठ्या पेचात टाकले रे."

हा पेच कोणता, ते कळण्यासाठी या परीक्षेचा निकाल कसा लावतात हे समजून घेतले पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात अजून टक्केवारी आहे. शंभरांपैकी साठ गुण मिळाले म्हणजे साठ टक्के. शेजाऱ्याला किती मिळाले याच्याशी त्या साठांचा काही संबंध नाही. पर्सेंटाइलचे तसे नव्हे. नव्याण्णव पर्सेंटाइल याचा अर्थ असा की, परीक्षेस बसलेल्या दर शंभरांतले नव्याण्णव जण तुमच्या मागे किंवा फार तर बरोबरीने राहिले. सन २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार विद्यार्थी या परीक्षेस प्रत्यक्ष बसले. त्यांचा शंभरावा हिस्सा म्हणजे २,९०० च्या आसपास. नव्याण्णवच्या वर बसण्यास जागा तेवढ्याच. सर्वच्या सर्व मुलांनी दुप्पट अभ्यास केला तरी त्या वाढावयाच्या नाहीत. सर्वांच्या मातांनी एकवीसच्या जागी सहस्र आवर्तने केली तरीही नाहीत.

आता विचार करा. मूल बरे व्हावे म्हणून आपण देवाला विनवतो, तेव्हा शेजारचे मूल आजारी पडावे असे त्यात काही नसते. दोन्ही मुले बरी होऊ शकतात. पण "माझ्या मुलाला नव्याण्णवच्या वर ने" असे म्हणताना, कोणाला तरी नव्याण्णवच्या खाली ओढ, असे आपण न बोलता म्हणत असतो. तो कोणीतरी कोण? त्यालाही आई आहे. तीही कदाचित याच मंडपात, याच मूर्तीपुढे, हात जोडून उभी आहे. विघ्नहर्त्याला आपण एकाचे विघ्न हरण करून दुसऱ्याच्या वाटेत ठेवावयास सांगतो. देवाने सर्वांचेच ऐकावयाचे म्हटले तर त्याला अंकगणित मोडावे लागेल.

यावर कोणी म्हणेल, मग देवाकडे येऊच नये की काय? तसे मुळीच नाही. खजरान्याच्या गणपतीला आपण सर्वजण जातो. देवी अहिल्याबाईंनी बांधविलेले ते स्थान. तेथे मागच्या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढावयाचे व मागणे पूर्ण झाले की येऊन सुलटे काढावयाचे, अशी रूढी आहे. परीक्षेच्या दिवसांत किती कोवळ्या हातांनी तेथे कुंकू लावलेले असते! त्या हातांची थट्टा करण्याचे माझ्या मनात नाही. मी स्वतः तेथे उलटे स्वस्तिक काढले आहे. त्याची हकीगत पुढे येईलच. माझे म्हणणे इतकेच की, नवस आणि संकल्प या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गल्लत केली आहे. फळाची आशा धरू नये असे सांगणारा श्लोक आपण भिंतीवर लावतो आणि त्याच भिंतीखाली उभे राहून फळाचा नेमका आकडा देवाला सांगतो.

नवसात "तू हे कर, मग मी ते करीन" असे असते. संकल्पात "तू कर" हा शब्दच नाही. पूजेच्या आरंभी यजमान हातावर पाणी घेतो तेव्हा आम्ही काय म्हणवून घेतो, ते एकदा अर्थाकडे लक्ष देऊन ऐकावे. प्रथम काळ सांगतो: संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग देश सांगतो. नर्मदेच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत तेही वगळत नाही. मग यजमानाचे गोत्र व नाव. मग कोणते कर्म करणार ते. आणि शेवटी एक क्रियापद: "करिष्ये". मी करीन.

या "करिष्ये"वर तीर्थरूपांनी मला लहानपणी एक संपूर्ण दुपार घालविली होती. संस्कृतात "करिष्यामि" असेही होते आणि "करिष्ये" असेही होते. कर्माचे फळ ज्याचे त्याला, कर्त्यालाच, मिळावयाचे असेल तेव्हा "करिष्ये" हे आत्मनेपद योजतात. दुसऱ्यासाठी करावयाचे असेल तेव्हा "करिष्यामि". हा पाणिनीचा नियम. म्हणून यजमान स्वतः बसला असेल तर तो "करिष्ये" म्हणतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मुलाच्या परीक्षेसाठी आई-वडील पूजा करवितात, तेव्हा ते त्यांचे कर्म असते. चांगले कर्म असते. परंतु अभ्यासाचे "करिष्ये" त्यांच्या मुखाने उच्चारता येत नाही. ते त्या मुलानेच म्हणावयाचे असते, आणि रोज म्हणावयाचे असते.

आता ते कर्म कोणते? "मी अभ्यास करीन" एवढ्याने संकल्प होत नाही. "पूजा करीन" एवढे म्हणून कोणी पाणी सोडत नाही. कोणत्या देवतेची, किती उपचारांनी, हे सांगावे लागते. या परीक्षेचे स्वरूप थोडक्यात असे. पदवी परीक्षेत पन्नास टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात सवलत आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही बसू शकतो. बहुधा नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी, संगणकावर, दोन तासांत परीक्षा होते. तीन विभाग: इंग्रजी उताऱ्यांचे आकलन, आकडेवारी व तर्क, गणित. प्रत्येकास चाळीस मिनिटे. एका विभागाची वेळ संपली की तो मिटतो. मागे फिरता येत नाही, पुढचाही आधी उघडता येत नाही. सन २०२४ मध्ये एकंदर ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तरास तीन गुण. पर्याय निवडावयाच्या प्रश्नात चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. आणि जेथे उत्तर स्वतः लिहावयाचे तेथे चुकल्यास वजाबाकी नाही.

यातली एक गंमत पाहावी. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला, तर चार प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येणार व तीन चुकणार. तीन गुण मिळाले, तीन गेले. हाती शून्य. परीक्षा रचणाऱ्यांनी दैवाचा हिशेब असा चोख पुरा करून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ६८ पैकी ६८ प्रश्न सोडविणे येथे अपेक्षितच नाही. पूर्ण गुणांच्या निम्म्याच्या आसपास गुण मिळविणारा विद्यार्थीही अगदी वरच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणजे प्रश्न सोडविता येणे ही अर्धी विद्या; कोणता प्रश्न हाती घ्यावयाचा नाही हे ओळखणे ही उरलेली अर्धी. आपल्या शाळांनी आपल्याला पहिली अर्धी शिकविली. सगळा पेपर सोडविला का, असे घरी आल्यावर आई विचारते. या परीक्षेत सगळा पेपर सोडविणारा बहुधा बुडतो.

येथे माझी हकीगत सांगतो. आपल्या इंदूरच्या संस्थेत सन २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याची प्रवेशपरीक्षा निराळी, पण जातकुळी हीच. सन २०१९ मध्ये मी तिला बसलो. गणिताची मला आवड होती, किंबहुना थोडा गर्वच होता. खजरान्याला जाऊन स्वस्तिक काढून आलो. परीक्षेत गणिताच्या विभागात संभाव्यतेचा एक प्रश्न समोर आला. तो मला येत होता; म्हणजे येतो असे वाटत होते. पहिल्या रीतीने उत्तर जुळेना, दुसरी रीत धरली. तिनेही जुळेना. सोडून पुढे जावे असे मन सांगत होते, पण इतका वेळ घातला तो वाया कसा घालवावा, असे दुसरे मन म्हणे. भानावर आलो तेव्हा अकरा मिनिटे गेली होती. चाळिसांतली अकरा. पुढचे सोपे प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत. निवड झाली नाही, आणि पुढे घरच्या परिस्थितीमुळे व पूजेच्या जबाबदारीमुळे शिक्षण तेथेच थांबले. त्या भिंतीवरचे माझे स्वस्तिक उलटेच राहिले, आणि देवाने ऐकले नाही असे मी दोन वर्षे म्हणत होतो. देवाचा त्यात काय संबंध? अकरा मिनिटे मी दिली होती.

त्याग हा शब्द आपण संन्याशांसाठी राखून ठेवला आहे. वस्तुतः हातातली वस्तू अजून प्रिय असतानाच ती सोडता येणे हा त्याग. आणि तो दोन मिनिटांच्या आत करता येणे हे या परीक्षेचे मागणे आहे. ही सवय परीक्षेच्या दिवशी अंगी येत नाही. तिच्यासाठी सराव-परीक्षा असतात, ज्यांना मुले मॉक म्हणतात. क्लासवाले त्या पुष्कळ देतात आणि मुले त्या पुष्कळ सोडवितात. परंतु मी पाहतो, एक झाली की लगेच दुसरी. आकडा वाढला तर पेढे, घटला तर तोंड पाडून बसणे. झालेली परीक्षा उघडून, कोणता प्रश्न चुकला, का चुकला, कोणता सोडावयास हवा होता व कोणता उगाच सोडला, हे लिहून काढणारा दहांत एखादाच. दोन तासांच्या परीक्षेवर तीन-चार तास असे बसावे लागते आणि ते फार कंटाळवाणे असते. जपापेक्षा कंटाळवाणे.

समर्थांचा दासबोध आपल्या बहुतेक घरी आहे. त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास काढून पाहावा. ब्रह्मज्ञान सांगणारा तो ग्रंथ तेथे अक्षर कसे काढावे, लिहिण्याचे साहित्य कसे ठेवावे, हे शिकवितो. एवढ्या थोर पुरुषास बोरू-शाईची चर्चा कमीपणाची वाटली नाही. चुकांची वही हा तसाच प्रकार आहे. तिच्यात चमत्कार काही नाही. पण "करिष्ये" म्हटले ते कर्म हेच.

आता त्या दोन काकूंकडे परत येतो. निकाल जानेवारीपूर्वीच लागला. एका घरी हवे ते मिळाले, एका घरी नाही. कोणत्या, ते सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही आज विसरावे. ज्या घरी मिळाले नाही त्या काकू काही दिवसांनी आल्या. रागावल्या नव्हत्या. फार हळू आवाजात त्यांनी विचारले, "गुरुजी, आमच्या अभिषेकात काही राहून गेले का हो?" तीर्थरूपांनी त्यांना काय उत्तर दिले ते मी ऐकले नाही, मी गाभाऱ्यात होतो. पण पुढचे दोन दिवस ते नीट जेवले नाहीत, एवढे मी पाहिले. "नव्याण्णवच्या वर" हे शब्द संकल्पात घेऊ नयेत असे मला त्याच दिवशी सुचावयास हवे होते, असे ते पुनःपुन्हा म्हणत. दक्षिणा घेऊन आपण अशक्य गोष्टीला होकार दिला, याचे त्यांना फार लागले.

आणि त्या घरचे अपत्य, मुलगा म्हणा की मुलगी, मी येथे केवळ सोयीसाठी मुलगा म्हणतो, तो मंदिरात यावयाचा थांबला. लहानपणापासून गणेशोत्सवात आरतीचे ताट धरणारा मुलगा. आठ महिने त्याने या पायरीला पाय लावला नाही. भाद्रपदात, भर दुपारी, मंडपात कोणी नसताना तो आला आणि खांबाला टेकून बसला. मी जवळ जाऊन बसलो. तो म्हणाला, "परीक्षेचं एवढं काही नाही रे. पण आईने देवाला सांगितलं होतं, आणि माझ्यामुळे देवाचा शब्द खोटा पडला." हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आम्ही त्या मुलाच्या डोक्यावर केवढे ओझे ठेवले होते! परीक्षेत मागे पडल्याचे दुःख एखादा तरुण पचवितो. पण आपण देवालाच खाली पाहावयास लावले, या समजुतीखाली तो आठ महिने राहत होता.

तो पुढे जे बोलला ते अधिक ऐकण्यासारखे आहे, आणि त्याच्या संमतीने सांगतो. येथे का येत नव्हतास, असे मी विचारले. तो म्हणाला, "आरतीनंतर प्रत्येक जण विचारतो, किती आले?" श्रोतेहो, हे विचारणारे आपण आहोत. मीही आहे. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन आपण सहज विचारतो, आणि उत्तर ऐकून लगेच दुसऱ्याच्या मुलाचे सांगतो. देवळात येणाऱ्याला गोत्र विचारावे, नाव विचारावे, जेवलास का म्हणून विचारावे. संकल्पात मनुष्याची ओळख सांगताना त्याचा क्रमांक सांगण्याची सोय ऋषींनी ठेवलेली नाही.

मग त्याने खिशातून एक कागद काढला. या परीक्षेनंतर विद्यार्थ्याला आपण दिलेली उत्तरे व बरोबर उत्तरे दोन्ही पाहावयास मिळतात. आठ महिने त्याने ती उघडली नव्हती. आदल्या रात्री उघडली. गणिताच्या विभागात सतरा प्रश्न त्याने सोडविले होते. आठ बरोबर, नऊ चूक, आणि ते नऊही पर्यायांचे. आठ त्रिक चोवीस, वजा नऊ, राहिले पंधरा. ते नऊ प्रश्न त्याने नुसते सोडून दिले असते तरी चोवीस राहिले असते. आणि त्यांवर घातलेला वेळ उरला असता तो निराळाच. "घाबरून भरत गेलो," तो म्हणाला, "रिकामं ठेवायची भीती वाटली." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "म्हणजे अभिषेकात काही राहिलं नव्हतं."

मला वाटते, त्या दुपारी त्याने आईच्या प्रश्नाचे उत्तर शोधून काढले, जे आम्हाला देता आले नव्हते. यंदा पुन्हा बसणार काय, हे मी विचारले नाही. पण आता तो आरतीला येतो.

पालकांना एक प्रार्थना आहे. नोकरी सोडून किंवा पदवी सांभाळून जे मूल घरी तयारी करीत असते, त्याला दिवसभर एकांत हवा असे आपण मानतो आणि त्याला खोलीत कोंडून पावलांचे आवाजसुद्धा बंद करतो. त्याने त्याचा जीव अधिक गुदमरतो. त्याला दळण आणावयास पाठवा, आजोबांची औषधे आणावयास पाठवा. आणि दहावी-बारावीत कमी गुण पडले म्हणून आता उपयोग काय, असे कोणी म्हणत असेल तर तेही सर्वस्वी खरे नाही. काही संस्था ते गुण जमेस धरतात हे खरे, पण प्रत्येक संस्थेचा हिशेब निराळा आहे आणि लेखी परीक्षेनंतर मुलाखतही असते. जे बदलता येत नाही त्याची रोज आठवण देऊन घरात काय साधते?

अखेरीस विनियोगाविषयी थोडे सांगून पुरे करतो. जपाच्या आधी आम्ही त्या मंत्राचा ऋषी, छंद व देवता सांगतो आणि मग म्हणतो, "जपे विनियोगः". हा मंत्र कशासाठी योजला जात आहे, ते आधी सांगितल्यावाचून जप सुरू होत नाही. सन १९६१ मध्ये कलकत्त्याला व अहमदाबादेला या प्रकारच्या पहिल्या दोन संस्था निघाल्या. त्यांपैकी अहमदाबादच्या संस्थेचे ब्रीदवाक्य आहे "विद्याविनियोगाद्विकासः". प्रथम वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले, कारण आमच्या संध्येतला शब्द तेथे भिंतीवर होता. विद्येच्या विनियोगाने विकास होतो, नुसत्या विद्येने होतो असे ते म्हणत नाहीत. तेव्हा या परीक्षेस बसणाऱ्या प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, हे मला कशासाठी हवे आहे. पगारासाठी असेल तर पगारासाठी असे लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, गृहस्थाश्रमाला अर्थ हवाच. वडिलांचे दुकान वाढवावयाचे असेल तर तसे लिहावे. केवळ शेजारचा बसला म्हणून असेल तर तेही लिहावे. लिहिल्यावर ते पान पाहून मनुष्य कधी कधी शांतपणे दुसरी वाट धरतो, आणि ते अपयश नव्हे.

विनियोग म्हणजे काय, हे पाहावयास आपल्या इंदूरकरांना दूर जावे लागत नाही. होळकरांच्या राज्यात सरकारी खजिना निराळा आणि खासगी निराळी, अशी व्यवस्था होती. अहिल्याबाईंनी सन १७६७ ते १७९५ या काळात कारभार पाहिला, आणि देशभरची देवळे, घाट, धर्मशाळा बांधविल्या त्या खासगीच्या उत्पन्नातून. काशीविश्वनाथाचे सन १७८० चे मंदिर हे त्यांतलेच. दोन हिशेब कधी मिसळू दिले नाहीत. त्यांनी कोणती प्रवेशपरीक्षा दिली नव्हती हे खरे, पण आज जे विषय या संस्थांत शिकवितात त्यांतले पुष्कळसे महेश्वरच्या त्या वाड्यात रोज चालत असत.

आता व्यवस्थेच्या गोष्टी. यंदा परीक्षेनिमित्त जे अभिषेक होतील, त्यांत आकडा उच्चारला जाणार नाही, असे तीर्थरूपांनी ठरविले आहे. "विद्यालाभासाठी व चित्ताच्या स्थैर्यासाठी" असे म्हटले जाईल, आणि शक्य असेल तेथे परीक्षार्थीने स्वतः पाटावर बसून "करिष्ये" म्हणावे. त्यानंतर हातावरचे पाणी ताम्हनात सोडतात, ते मोकळ्या हाताने सोडावे.

ताईत मागू नयेत. परीक्षा केंद्रावर धातूची वस्तू, दागिने, घड्याळ काही आत नेऊ देत नाहीत. दारात ताईत काढून ठेवावा लागला की मुलाचे मन तेथेच अडकून राहते. परीक्षा तीन पाळ्यांत असते व पहिली सकाळी साडेआठला सुरू होते. केंद्रावर त्याच्या पुष्कळ आधी पोहोचावयाचे असते. त्या मुलांसाठी त्या रविवारी मंदिर पहाटे पाच वाजता उघडेल. नुसते दर्शन घ्यावे. कोणी काही विचारणार नाही. प्रसादाला गरम शिरा असेल. परीक्षार्थींनी तो पोटभर खाऊन जावे. उपास ज्यांना करावयाचा असेल त्यांनी, म्हणजे आयांनी, खुशाल करावा.